कमी पैशांत घर लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घट बसायच्या आधी घर धुवायला काढलं की हे प्रश्न यायला लागतात आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपर्यंत थांबत नाहीत. विचारणारे बहुतेक जण एक खोली-स्वयंपाकघर किंवा वन बीएचकेमध्ये राहणारे, हातात चार-पाच हजार रुपये असलेले. मी स्वतः डोंबिवलीत चौघांच्या कुटुंबासह २८० चौरस फुटांत अकरा वर्षं काढली आहेत. त्यामुळे माझं मत ठाम आहे: पाकीट सर्वांत शेवटी उघडायचं. आधी सामान कमी करायचं, मग बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि त्यानंतरही काही कमी पडलं तरच दुकानात जायचं. खालची उत्तरंही साधारण त्याच क्रमाने लावली आहेत.

१. घराकडे बघूनच हातपाय गळतात. नेमकी सुरुवात कुठून करू?

जी जागा रोज सकाळी सर्वांत जास्त त्रास देते तिथून. कुणाकडे ती दारामागची खुंटी असते, तिच्यावर सात पिशव्या, छत्री आणि दोन ओढण्या लटकत असतात. कुणाकडे ओट्यावरचा मिक्सरमागचा कोपरा असतो.

माळ्यापासून सुरुवात करू नका. माळा काढला की सामान खोलीभर पसरतं, संध्याकाळी मुलं घरी येतात, पानं मांडायला जागा उरत नाही आणि सगळं होतं तसंच पुन्हा वर जातं. मी लागोपाठ दोन वर्षं हेच केलं होतं. माळ्यासाठी घरातली सगळी माणसं घरी असतील असा एक अख्खा रविवार राखून ठेवा.

एरवी एका वेळी एकच जागा, दीड तास. हाताशी तीन गोष्टी असू द्या: टाकायच्या सामानासाठी पिशवी, दुसरीकडे ठेवायच्या वस्तूंसाठी टोपलं आणि ओलं फडकं. जागा पूर्ण रिकामी करा, पुसा, सुकू द्या, आणि तिथलं असेल तेवढंच परत ठेवा. टोपल्यातल्या वस्तू शेवटी एकाच फेरीत जागेवर न्या. मध्येच उठून एकेक वस्तू ठेवायला गेलात तर तिकडच्या खोलीतलं काम सुरू होतं आणि हातातलं राहून जातं.

२. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे कसं ठरवायचं? टाकायला हातच धजत नाही.

माझा हिशेब पावसाळा ते पावसाळा असतो. एवढ्या काळात गणपती, दिवाळी, लग्नसराई, मे महिन्यातले पाहुणे असं सगळं येऊन जातं. या पूर्ण फेऱ्यात जी वस्तू एकदाही लागली नाही, ती पुढच्या फेऱ्यातही लागत नाही. अपवाद तीन. कागदपत्रं, आजारपणात लागणाऱ्या वस्तू (वॉकर, शेकायची पिशवी) आणि ज्या वस्तूत माणूस आहे ती वस्तू. आजोबांचा चष्मा याच तिसऱ्या गटातला. या गटासाठी एक पेटी ठरवा आणि ती भरेल एवढंच ठेवा.

काढलेलं सामान वेगवेगळं करून द्या. रद्दी, पुठ्ठा, लोखंड आणि ॲल्युमिनियम एकाच गोणीत गेलं की भंगारवाला सगळ्याला हलक्या मालाचा भाव लावतो. धड कपडे बोहारणीला देता येतात, सुती साड्या आणि धोतरं गोधडीसाठी बाजूला काढा. बंद मोबाइल, चार्जर, बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकू नका, त्या ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच जायला हव्यात.

३. सासूबाई काहीच काढू देत नाहीत. पितळी डबे, घंगाळ, पाटा-वरवंटा, सगळं तसंच. काय करावं?

हा प्रश्न सुनांकडून येतो तसा मुलांकडूनही येतो, आणि मला यात ज्येष्ठांची बाजू बरीचशी पटते. तो डबा त्यांनी भिशीच्या पैशातून घेतलेला असतो, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं असतं. 'हे टाकू का?' या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'नको' असंच येणार. 'हे कुणाला देऊ या?' असं विचारून बघा. भाचीच्या नव्या संसारात तो डबा जाणार असेल तर तो त्या स्वतः घासून देतील.

तांब्या-पितळेची भांडी घाईघाईने मोडीत घालू नका. मोडीत फक्त वजनाचा भाव मिळतो, घडणावळीचा मिळत नाही, आणि तसं भांडं पुन्हा घ्यायला गेलं तर परवडत नाही. पितळी डब्यांत डाळी-कडधान्यं खुशाल ठेवा. चिंच, कोकम, लोणचं असं आंबट काही मात्र कल्हई नसलेल्या पितळेत ठेवायचं नाही, ते कळकतं. घंगाळात पाणी घालून दारात फुलं सोडली की सजावटीचा खर्च वाचतो. आणि वरवंटा राहू द्या, घरात बारसं निघालं की तो शोधावाच लागतो.

४. माझ्याकडे फक्त ५,००० रुपये आहेत. कशावर खर्च करू?

पहिला हजार दुरुस्तीला. ठिबकणारा नळ, न लागणारी कडी, लोंबणारी बिजागरी, तडकलेला स्विचबोर्ड. या गोष्टी रोज दिसतात म्हणून दिसेनाशा होतात, पण घराला जुनाटपणा त्यांनीच येतो. दुसरा हजार दिव्यांना (प्रश्न ११). दोन हजार एका खोलीच्या रंगाला, मजुरी आपली (प्रश्न ८). उरलेला हजार फळ्या, खुंट्या आणि दांड्यांना. पडदे घरातल्या साड्यांचे (प्रश्न १२), म्हणजे त्यात फक्त शिलाई.

शोभेच्या वस्तूंसाठी यात एक रुपयाही धरलेला नाही. घरात ओल असेल तर मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि आधी प्रश्न ९ वाचा.

५. कपाटात आणि फडताळात ठेवायला डबे, बास्केट कोणत्या घ्याव्यात?

आवराआवर पूर्ण होईपर्यंत एकही नाही. आधी बास्केट आणल्या की नको असलेलं सामान त्यांत नीट रचून ठेवलं जातं, आणि घरात नको असलेल्या सामानासोबत बास्केटही येऊन बसतात. चार आठवडे बुटांची खोकी, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, आइस्क्रीमचे फॅमिली पॅक वापरा. या काळात कळतं की तुम्हाला खरोखर किती कप्पे हवेत.

मग मोजा. फळीची लांबी, खोली आणि दोन फळ्यांमधली उंची, तिन्ही मापं कागदावर लिहून दुकानात न्या. चौकोनी जागेत गोल डबा ठेवला की जागेचा साधारण ७८ टक्के भागच वापरात येतो, बाकीचे कोपरे रिकामे राहतात. म्हणून नवे घ्यायचे तर चौकोनी घ्या, आहेत ते गोल स्टीलचे डबे मात्र फेकू नका. पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठेतली बोहरी आळी यांमध्ये एक फेरी मारलीत तर मॉलमधल्या दरांत आणि तिथल्या दरांत किती अंतर आहे ते स्वतःच दिसेल.

६. स्वयंपाकघर इतकं लहान आहे की ओट्यावर पोळी लाटायलाही जागा नाही. काय करता येईल?

ओट्यावर फक्त रोजचं ठेवायचं, आणि रोजचं म्हणजे रोजचंच: शेगडी, मिसळणाचा डबा, तेलाची बुधली, पिण्याचं पाणी. मिक्सर दिवसातून एकदा पाच मिनिटं चालतो आणि चोवीस तास जागा अडवतो. त्याला ओट्याखाली पुढच्या बाजूला, कंबरेच्या उंचीच्या जवळ ठेवा. इडलीपात्र, चकलीचा सोऱ्या, मोठी पातेली, पुरणयंत्र वर जाऊ द्या.

ओट्याखालचा कप्पा खोल असतो, त्यामुळे मागच्या अर्ध्या भागात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. ट्रॉल्या करायला पैसे नसतील तर दोन उथळ, लांब ट्रे घ्या आणि ते खणासारखे पुढे ओढून वापरा. माझ्या घरी नऊ वर्षं हेच चाललं.

भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला, ओट्याच्या लांबीची एक स्टीलची दांडी ठोका आणि तिला एस आकाराचे हुक अडकवा. झारा, डाव, किसणी, गाळणी, चिमटा तिथे लटकले की एक अख्खा खण मोकळा होतो. ही दांडी शेगडीच्या बरोबर वर नको, तिथे सगळ्यावर तेलकट थर बसतो. पोळपाटासाठी आणखी एक उपाय: बेसिनच्या मापाची जाड लाकडी फळी करून घ्या. भांडी घासून झाली की ती बेसिनवर टाका, दीड-दोन फूट ओटा वाढतो.

७. एकाच खोलीत झोपणं, बसणं, मुलांचा अभ्यास आणि कपडे वाळत घालणं. हे सगळं बसवायचं कसं?

जमीन मोजणं सोडा, भिंती मोजा. १० बाय १२ च्या खोलीत जमीन १२० चौरस फूट असते, आणि ९ फूट उंचीच्या चार भिंती मिळून जवळजवळ ४०० चौरस फूट.

दाराच्या आणि खिडकीच्या चौकटीच्या वर, छतापासून दीड फूट खाली, खोलीभर फिरणारी एक फळी बसवा. वर्षातून दोनदा लागणारं सगळं तिथे जातं. पण पलंगाच्या आणि पाळण्याच्या वरचा भाग सोडून द्या. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर वजन नको.

पलंगाखालची जागा ट्रंकांसाठी उत्तम. जुन्या पत्र्याच्या ट्रंकांना खाली चार चाकं लावून घ्या, लहान मुलालाही त्या ओढता येतात. बसायला सोफ्याऐवजी दिवाण ठेवा. त्याच्या पोटात अंथरुणं मावतात आणि पाहुणा आला की रात्री त्यावर झोपता येतं. अभ्यासासाठी भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेली दुमडती फळी पुरते, आणि तिच्या शेजारी प्लगची सोय असेल असं बघा.

कपड्यांसाठी छताला पुलीच्या दांड्या बसवून घ्या, दोरी ओढली की दांडी खाली येते. पावसाळ्यात पंखा त्या दांडीखाली फिरला पाहिजे, म्हणून जागा ठरवताना आधी पंखा बघा. ओले कपडे बंद खोलीत वाळले की भिंती ओलावतात, त्याबद्दल पुढे प्रश्न ९ मध्ये आहेच.

८. रंग कोणता आणि केव्हा काढावा? स्वतः काढला तर जमेल का?

जमेल. रंगापेक्षा भिंतीची तयारी महत्त्वाची आणि तिला ताकद नाही, सबुरी लागते.

वेळ: पाऊस पूर्ण थांबल्यावर. पण दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तर घाईत काम उरकतात. जानेवारी ते मे हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. भिंती कोरड्या असतात आणि माणसं मोकळी असतात.

प्रकार: चुना सर्वांत स्वस्त. त्यात थोडी नीळ आणि बांधून राहण्यासाठी डिंक घालतात. भिंत श्वास घेऊ शकते आणि बुरशी सहज धरत नाही, पण अंगाला पांढरं लागतं. आधी ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, पापुद्रे पडतात. डिस्टेंपर मधला. ओल्या फडक्याने हलकेच पुसता येतो, घासता येत नाही. मुलं लहान असतील तर बैठकीच्या खोलीला कमी किमतीचं इमल्शन घ्या, पेन्सिलीच्या रेघा तरी पुसल्या जातील. मळखाऊ रंगाच्या मागे लागून लहान खोलीला गडद रंग देऊ नका.

माप: प्रश्न ७ मधल्या १० बाय १२ च्या खोलीच्या भिंती ३९६ चौरस फूट भरतात, दार-खिडकी वजा करून साधारण ३५०. इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हात मिळून ५० ते ७० चौरस फूट होतात. भिंत किती पिते त्यावर ते अवलंबून असतं, डब्यावरचा आकडाही बघा. म्हणजे सहा लिटर धरा.

काम: पोपडे पट्टीने खरवडा, भेगांत लांबी म्हणजे पुट्टी भरा, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपा, प्रायमरचा एक हात द्या, मग रंगाचे दोन हात. घासताना नाकाला कापड बांधा. दोन हातांच्या मध्ये किमान चार तास जाऊ द्या. छत आधी, भिंती नंतर. कोपरे ब्रशने, मधला भाग रोलरने. पैसे अगदीच कमी असतील तर चारही भिंती करू नका, दारातून आत आल्यावर समोर दिसते ती एकच करा.

चुना स्वतः भिजवणार असाल तर मुलांना लांब ठेवा. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो आणि त्याचा थेंब डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

९. भिंतीला ओल आहे, पोपडे निघतात. वॉटरप्रूफ रंग लावला तर थांबेल का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. आमच्या घरी एका रंगाऱ्याने ओल्या भिंतीवर महागाचा रंग लावून दिला. ऑगस्टमध्ये त्याला बशीएवढे फुगे आले आणि रंग पापुद्र्यासारखा हातात आला. पाणी भिंतीच्या आतून येत होतं, त्याला बाहेर पडायला वाटच राहिली नव्हती.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. एक फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतून येतं. बाहेरच्या बाजूला असतील तर ते खोलीतल्या वाफेचं आहे: कुकर, आंघोळीचं गरम पाणी, आत वाळत घातलेले कपडे. वाफेचा उपाय फुकट आहे. खिडकी उघडा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, न्हाणीचं दार आंघोळ झाल्यावर लावून घ्या आणि तिची खिडकी उघडी ठेवा.

पाणी भिंतीतून येत असेल तर जागा बघा. छताशी डाग असेल तर वरच्या मजल्याची न्हाणी किंवा गच्ची. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात असेल तर बाहेरची भेग किंवा खिडकीचा उतार. फक्त पावसाळ्यात असेल तर बाहेरची भिंत, बारा महिने असेल तर नळाची किंवा सांडपाण्याची नळी. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी पूड सुटत असेल तर तो लोणा, जमिनीतला ओलावा वर चढतो आहे.

सोसायटीत राहत असाल तर हे माहीत असू द्या: महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक नळ्यांची गळती संस्थेने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. न्हाणी, बेसिन यांची अंतर्गत गळती संबंधित सदनिकाधारकांनी. तेव्हा फोटो काढा, तारीख घाला, सचिवांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या पावसापर्यंत विरून जातं.

गळती थांबल्यावरही लगेच रंग नको. गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवा आणि उन्हाळ्याचे एक-दोन महिने सुकू द्या. दिसायला वाईट दिसतं, पण हाच टप्पा टाळला की पैसे दुसऱ्यांदा जातात. काळी बुरशी असेल तर पाण्यात थोडं ब्लीच घालून, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून पुसा. ब्लीच कशात मिसळायचं नाही ते प्रश्न १४ मध्ये वाचा.

१०. भाड्याचं घर आहे. खिळाही ठोकू देत नाहीत. मग काय?

आधी करार वाचा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि रंग, खिळे, अनामत यांबद्दल त्यात काय लिहिलं आहे तेच चालतं. घरमालकांना फोनवर न विचारता मेसेज पाठवून विचारा, म्हणजे होकार लेखी राहतो. 'मी माझ्या खर्चाने रंग काढतो, रंग तुम्ही सांगाल तो' असं म्हटलं की बरेच मालक राजी होतात.

परवानगी नसेल तर जमिनीवर उभं राहणारं सगळं चालतं: शिडीसारखा रॅक, कपड्यांचा स्टँड, पलंगामागे टेकवून उभी केलेली फळी. पडद्यासाठी खिडकीच्या चौकटीत स्प्रिंगने अडकणारी दांडी मिळते. चिकटणारे हुक गुळगुळीत टाइलवर टिकतात, डिस्टेंपरच्या भिंतीवर रंगासकट खाली येतात.

खिळे ठोकायची परवानगी असेल तर भिंत ओळखा. जुन्या विटांच्या भिंतीत ६ मिलिमीटरचं भोक, प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू पुरतो. नव्या इमारतींत मायवान पद्धतीच्या भिंती अख्ख्या काँक्रीटच्या असतात, तिथे साधा खिळा वाकतो आणि हॅमर ड्रिलच लागतो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत भोक सहज पडतं, पण वजन पेलायला लांब गिट्टी हवी. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि नळाच्या रेषेत कधीही ड्रिल करू नका. आत वायर किंवा नळी असते.

११. खोली सदा अंधारलेली, उदास वाटते. स्वस्तात काय करता येईल?

आधी खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून धुवा आणि ग्रिलमध्ये रचलेलं सामान काढा. अनेक घरांत उजेड तिथेच अडलेला असतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर आरसा लावला की उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

जुनी ३६ किंवा ४० वॉटची ट्यूब काढून २० वॉटची एलईडी लावा, उजेड तेवढाच मिळतो, वीज जवळजवळ निम्मी लागते. छताच्या मधोमध एकच दिवा असला की सगळ्या कोपऱ्यांत सावल्या पडतात. दुसरा, पिवळसर छटेचा लहान दिवा बसायच्या जागेजवळ लावा, खोक्यावर ३,००० के (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या छटेचं माप) लिहिलेला. पांढरा ६,५०० के स्वयंपाकघरात आणि अभ्यासाला. मुंबईत असाल तर विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, एक चक्कर मारा.

१२. जुन्या साड्यांचे पडदे खरंच चांगले दिसतात का? एका साडीत किती होतात?

फार सुंदर दिसतात, अट एकच: एका खोलीत एकाच जातीच्या साड्या. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट, आणि पन्हा पावणेचार फूट. खिडकीसाठी सहा-सहा फुटांचे तीन तुकडे निघतात. चार फूट रुंद खिडकीला दोन तुकडे लावले की चुण्या छान पडतात. सात फुटी दाराचे दोन पडदे काढले की उरलेल्या चार फुटांत, बहुतेक पदरात, उशांचे अभ्रे होतात. काठ खालच्या बाजूला येत नाहीत, उभे येतात, आणि तेच शोभतात.

विरलेली साडी उन्हात सहा महिन्यांत फाटते, तिला अस्तर लावा. सिंथेटिक साडी शेगडीजवळच्या खिडकीला मुळीच नको. अंथरुणावर सोलापुरी चादर घाला, ती वर्षानुवर्षं टिकते आणि खोलीला रंग देते.

१३. जुनं लाकडी कपाट आणि गंजलेलं लोखंडी कपाट: विकू की सुधारू?

जुनं सागवान असेल तर विकू नका. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, सुकवा, बारीक पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा आणि बेलतेलाचे (म्हणजे जवसाच्या उकळलेल्या तेलाचे) दोन पातळ हात द्या. एक सूचना मनापासून करते: बेलतेलात भिजलेली फडकी बोळा करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून सुकवा, मगच टाका.

लोखंडी कपाटाचा गंज घासून काढा, रेड ऑक्साइडचा हात द्या, त्यावर ऑइल पेंट. पाय गंजले असतील तर खाली रबरी बूच बसवा, फरशी पुसताना पाणी लागत नाही. भुसा दाबून केलेल्या बोर्डचं कपाट पावसाने फुगलं असेल तर मात्र त्यावर खर्च करू नका, ते पूर्ववत होत नाही.

१४. फरशीचे, ओट्याचे, नळाचे डाग कशाने जातात? ॲसिड वापरू का?

शहाबादी, कोटा, कडाप्पा, मोझेक आणि संगमरवर यांवर ॲसिड किंवा लिंबू नको. या दगडांत चुना असतो, आम्ल त्याला खातं आणि चकाकी कायमची जाते. कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळल्यावर पांढरट डाग पडतो तो याच कारणाने. तिथे भांड्यांचा साबण आणि नारळाची शेंडी पुरते. कोरड्या ओट्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की काळेपणा परत येतो.

स्टीलच्या नळावरचे पांढरे डाग बोअरच्या पाण्याचे. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग धुवा. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून उपयोग नाही, फेस दिसतो पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात.

ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहान बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरतो.

१५. झुरळं आणि कपड्यांतली कसर जात नाही. डांबराच्या गोळ्या सगळीकडे टाकल्या तर?

नको. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत आणि पाळण्याच्या आसपास तर अजिबात नको. काही बाळांना जन्मतः जी६पीडी नावाची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात. रेशमी कपडे उन्हं दाखवून, सुती कापडात बांधून, कडुलिंबाचा सुकलेला पाला घालून ठेवा.

झुरळांसाठी रात्री बेसिन कोरडं करा, जाळी झाका, फटी बुजवा. बोरिक पावडर कणकेत मळून गोळ्या करतात. पण ती विषारी आहे, रांगणारं मूल किंवा मांजर असलेल्या घरात ठेवायची नाही.

१६. घरात जागा नाही म्हणून चपलांचा रॅक आणि कपाट जिन्यात ठेवलं तर?

ठेवू नका. आग लागली की बाहेर पडायची वाट तीच असते, आणि धुरात अडखळायला एक रॅकही पुरतो. चपलांसाठी दाराच्या आतल्या बाजूला कप्प्यांची कापडी पिशवी लावा. सायकलसाठी संस्थेकडे जागा मागा.

१७. गावाकडचं घर मातीचं आहे. भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेऊ का?

माझं कळकळीचं सांगणं आहे, करू नका. माती पाणी पिते आणि सोडते, सिमेंट ते सोडू देत नाही. पाणी आत कोंडतं, माती भुसभुशीत होते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे तुकडे माती घेऊन पडतात. भेगा माती आणि बारीक भुसा कालवून बुजवा, वर चुन्याचा हात द्या. जमीन शेणाने सारवलेलीच राहू द्या.

पैसे खर्चायचेच असतील तर छप्पर शाकारण्यावर आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील अशा पन्हाळीवर खर्चा. जोत्याभोवती पाणी साचू न देणारा उतार केला की मातीची भिंत आपल्यापेक्षा जास्त जगते.

१८. आमची इमारत पुनर्विकासाला जाणार असं ठरतंय. आता घरावर खर्च करावा का?

कुठल्या टप्प्यावर आहात त्यावर आहे. फक्त सभा झाली असेल, बोलणी चालू असतील, तर यात अनेक वर्षं जाऊ शकतात. तोपर्यंत गळक्या नळाखाली आणि काळ्या भिंतींत राहायचं कारण नाही. चुना, दिवे, पडदे, दुरुस्ती जरूर करा. फरशी बदलणं, ओटा तोडणं, भिंतीत बसवलेलं फर्निचर मात्र थांबवा.

करार होऊन घर रिकामं करायची तारीख आली असेल तर सोबत नेता येईल त्यावरच खर्च करा. भाड्याच्या जागेत जाऊन मग नव्या घरात, म्हणजे सामान दोनदा हलणार. प्रश्न २ मधली छाननी आत्ताच करून घ्या, टेम्पोची एक फेरी वाचेल. दिवे, दांड्या, पुली आणि फळ्या स्क्रू काढून सोबत न्या, स्क्रू त्या-त्या वस्तूलाच पिशवीत बांधा. पलंग, कपाट आणि दिवाणाची लांबी-रुंदी-उंची वहीत लिहून ठेवा. नव्या घराचा नकाशा हातात आला की कुठली वस्तू कुठल्या भिंतीला बसते ते कागदावरच कळेल.